टिनाले घाम फुटला तवा

झोळीत लेकरू दिसतच नव्हतं. नुसतं गवत. ओलं, काळं पडलेलं, कुबट वास मारणारं गवत, छतातून धपकन खाली आलेलं, सुतळीसकट, अन् त्याच्याखाली कुठंतरी माझी बावीस दिवसाची पोरगी.

मी दोन्ही हातानं उपसून राहिली होती. जेवढं काढू तेवढं पाणी गळे. आधी हाताले कान लागला. मग गाल. मग नाक, अन् नाकात काडी. काडी ओढली, पोरीले हातावर पालथी घेतली, पाठीवर थापट्या मारल्या. एक. दोन. तीन. काहीच नाही. चौथीले ती किंचाळली, अन् मी तिले घेऊन जी पळाली ती अंगणात.

सकाळचे आठ वाजले असतील. कोवळं ऊन पडलं होतं. माझ्या पायात चप्पल नाही, डोक्याले फडकं नाही, कानात कापूस नाही. सासूबाई तुळशीले पाणी घालून राहिल्या होत्या. मले पाहून त्यांनी लोटा खालीच ठेवला.

"अवं बाळंतीण न तू! कान बांध आधी! वारं शिरन आंगात!"

"आई, छत पडलं पोरीवर! नाकात गवत गेलं तिच्या!"

"गेलं तं निघन. तुह्या आंगात वारं शिरलं तं निघत नाही, जन्मभर कंबर धरून बसशीन. चाल, आत हो."

आत हो म्हणे. कोणत्या आत? जिथून जीव घेऊन पळाली त्या आत?

याले आता दीड वर्ष झालं. पोरगी घरभर धावते, माझ्या हातातलं सगळं ओढते, पण त्या "आत हो"ची आग माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहूनच काढते, जसं झालं तसं.

आमचं घर नागपूरले, महाल भागात, गल्लीच्या आत गल्ली, तिच्या टोकाले. समोर दोन खोल्या, मधात उलूसं अंगण, अन् अंगणाच्या मागं एक सुटी खोली. तिले अजून मागाची खोलीच म्हणते सगळे, माग जाऊन जमाना झाला तरी. माझे सासरे, मामाजी म्हणतो आम्ही, तिथं जन्मभर लुगडी विणत बसले. पाय सोडायचा खड्डा आता बुजवला, पण वरची लाकडं तशीच आहे, त्याच लाकडाले पोरीची झोळी बांधली होती.

छत आधी कवेलूचं होतं, मातीच्या कौलांचं. वांदरं यायची, उड्या मारायची, दरवर्षी अर्धे कवेलू फुटायचे. तर त्या दसऱ्याच्या आधी माझ्या नवऱ्यानं कवेलू उतरवले अन् टिन ठोकलं. सगळे खूश, आता नाचा म्हणे वांदरांनो. कोणाच्या डोक्यात आलं नाही का कवेलूच्या फटीफटीतून ती खोली श्वास घेत होती, अन् टिन म्हणजे डब्याचं झाकण. खरं सांगते, माझ्याही डोक्यात नाही आलं. मी तवा सात महिन्याची पोटुशी होती, मले उठता-बसता येत नव्हतं.

मले माय नाही. म्हणून पहिलं बाळंतपण असून माहेरी नाही, सासरीच झालं. समोरच्या खोलीत देव्हारा, अन् सव्वा महिना बाळंतिणीनं देवापाशी जायचं नाही, म्हणून आम्हा दोघींले मागाची खोली दिली. मले वाईट नाही वाटलं. सासूबाईनं खूप केलं माझं, खोटं कायले बोलू. मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, रोज तेल लावून आंग रगडून द्यायच्या, सख्ख्या मायनं काय वेगळं केलं असतं! पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी पक्की. बाळंतिणीच्या खोलीत वाऱ्याची झुळूक आली नाही पाहिजे.

खोलीले वर, टिनाच्या हातभर खाली, समोरासमोर दोन झरोके आहे. मागावर उजेड पडावा म्हणून ठेवलेले. एका झरोक्यात सासूबाईनं पोतं कोंबलं. दुसऱ्याच्या मापाचं काही सापडे ना, तं त्यांनी पेटी उघडली अन् पासोडी काढली. ही पासोडी म्हणजे मामाजीनं मागावर विणलेलं शेवटचं कापड. जाड, पांढरी, लाल काठाची. ती निघाली अन् त्याच महिन्यात माग गेला. कोणी कधी आंगावर घेतली नव्हती.

मामाजी दारात उभे होते. "अवं, ते कायले काढली?"

"नातीपेक्षा मोठी आहे का?" सासूबाई म्हणे.

मामाजी दारातून मागं फिरले.

झाली खोली बंद. आत शेगडी, दिवसातून दोनदा शेक. कोन्ट्यात फरशी टाकून माझी अन् पोरीची न्हाणी, कढत पाणी, कारण बाळंतिणीनं बाहेर जायचं नाही. दुपटी, लंगोट्या सगळं आतच दोरीवर, कारण उघड्यावर टाकलं का नजर लागते. आता एवढी वाफ जाईन कुठं?

पाचव्या सकाळी माझ्या मानेवर टपकन थेंब पडला. थंडगार. मले वाटलं पाल आहे, मी किंचाळली. वर पाहिलं तं टिन सगळं थेंबाथेंबानं भरलेलं. बाहेर आभाळ कोरडं ठाक, पौषातलं. रात्री असं हीव, अशी थंडी का टिनाले हात लावला तं चटका बसायचा, अन् सकाळी ऊन आलं का टपटप, टपटप. इकडे गादीवर, तिकडे वाळत टाकलेल्या दुपट्यावर, झोळीत.

सासूबाई म्हणे टिन गळते. नवरा रविवारी डांबराचा डबा घेऊन वर चढला, एकेक बोल्ट काळा केला, स्वतः पण काळा होऊन उतरला.

"आता एक थेंब पडला तं सांग मले."

सोमवारी सकाळी मी सांगितलं.

"कुठून पडला?"

"सगळीकडून."

"असं कसं सगळीकडून? कोणत्या तरी भोकातूनच पडन न!"

"अहो, दोन महिने पाऊस नाही. भोकातून काय येईन, ऊन?"

नवरा रागावला. मी म्हटलं रागावू नका, भात शिजला का झाकण उलटं करून पाहा. त्याले कोणतं भोक असते? वाफ वर जाते, थंड झाकणाले लागते, तिचं पाणी होते अन् परत भातातच पडते. हे टिन गळून नाही राहिलं, याले घाम फुटून राहिला. अन् आतला भात म्हणजे मी अन् पोरगी. ते झरोके खोला.

मामाजी अंगणातून ऐकून राहिले होते. "नववीतून शाळा सुटली, अन् आता आमाले टिन शिकवून राहिली," म्हणे अन् हसले. नवरा पण हसला. मले त्याच्या हसण्याचा जास्त राग आला. माझी शाळा सुटली नव्हती, सोडवली होती, हे त्याले माहीत आहे. अन् भात तं मी रोज शिजवते. त्यासाठी कोणती शाळा लागते?

मामाजीले वाटलं मले अजून पटलं नाही, तं दाराबाहेरूनच समजवायले लागले. "अन् झाली उलुशी ओल तं काय बिघडलं वं? माग चालत होता तवा मी स्वतः जमिनीवर पाणी शिंपत होतो. सुक्या हवेत सूत तटतट तुटते. ओलीत सूत टिकते."

"मामाजी, लेकरू काय सूत आहे?"

निघून गेलं तोंडातून. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे. मग सासूबाई हळूच म्हणे, "बाळंतपणात फिरते एखादीचं डोकं. लाडू खा."

अन् तिकडे पोरीले खोकला लागला. एवढ्याशा जिवाचा खोकला कसा असते माहीत आहे? आवाजच नसते त्याले. नुसतं पोट हलते अन् तोंड लाल होते. छातीत घुरघुर. मी दिवसदिवस तिच्या छातीले कान लावून बसत होती. दोन श्वासाच्या मधात थोडा जास्त वेळ गेला का माझा श्वास थांबायचा.

मग मामाजीनं उपाय काढला. आमच्या नागपुरात घरोघरी कूलर, अन् दर उन्हाळ्याआधी कूलरच्या ताट्यांतलं गवत बदलते, जुनं लोक फेकून देते. मामाजी फेकत नाही. मामाजी काहीच फेकत नाही. चार-पाच उन्हाळ्याचं गवत पोत्यात भरून ठेवलं होतं. म्हणे टिनाखाली हे दाबून बसवलं का हीव पण लागणार नाही अन् थेंब पण नाही. त्यांनी सुतळीचं जाळं विणलं. विणकराचा हात, काय सुंदर विणलं, एक गाठ इकडची तिकडे नाही. जाळं लाकडांले बांधलं, वरून गवत दाबलं.

अन् थेंब थांबले न! आठ दिवस एक नाही पडला. मामाजी रोज सकाळी अंगणातून विचारायचे, "काय म्हणते नववी?" मी काय म्हणू. मलेच वाटायले लागलं का आपलंच डोकं फिरलं होतं.

पण सांगा, ते गवत आपण कूलरमध्ये टाकतो कायले? पाणी धरून ठेवासाठी! सगळा उन्हाळा तेच एक काम करते ते. हे नागपूरच्या माणसाले सांगा लागते का? वाफ त्या गवतातून वर जाऊन टिनाले लागतच होती, पाणी होतच होतं, फक्त खाली न पडता गवतात मुरत होतं. गवत फुगून राहिलं होतं. वास यायले लागला. मी म्हटलं वास येते. सासूबाई म्हणे, बाळंतिणीच्या खोलीले वास राहतेच.

नवव्या सकाळी सुतळी सडून तुटली. ओलीत सूत टिकते म्हणत होते न?

तर ती सकाळ. मी अंगणात, पोरगी छातीशी, अन् सासूबाई म्हणून राहिल्या आत हो. मी आत नाही गेली. मी समोरच्या खोलीत गेली अन् देव्हाऱ्यासमोर फतकल मारून बसली. पोरीचे ओले कपडे काढले, माझ्या पदरानं पुसली, पदरातच गुंडाळली.

सासूबाई उंबऱ्यावर हात जोडून उभ्या. "अवं, देव आहे वं तिथं! सव्वा महिना नाही झाला! ऊठ!"

"मी त्या खोलीत जाणार नाही. देवाले पटत नसन तं त्यानं एक दिवस त्या टिनाखाली झोपून पाहावं."

हे मी धीट आहे म्हणून नाही बोलली. मी लय घाबरट आहे, ढग गडगडला तरी कानावर हात ठेवते. पण भीती एवढी मोठी झाली होती का तिच्यापुढे देव पण लहान वाटला अन् सासू पण.

नवरा डबा घेऊन ड्युटीवर निघाला होता, कळमेश्वरले, कंपनीत. "काय तमाशा लावला सकाळीसकाळी?"

"तुमच्या कंपनीचं छत कायचं आहे?" मी विचारलं.

"आं? टिनाचं."

"त्यातून थेंब पडते?"

"नाही."

"हिवाळ्यात?"

"नाही म्हटलं न!"

"आत वाफ नसते का?"

"असते न, मशीनची, भरपूर."

"मग काहून नाही पडत?"

तो उभाच राहिला. डबा खाली ठेवला. वर पाहिलं, जसं काही कंपनीचं छत आमच्या घरातच आहे. मग म्हणे, "खालून शीट मारली आहे त्याले. चांदीवाली, फुग्याफुग्याची. अन् वर पंखे आहे, वाफ ओढणारे."

सहा वर्षं! सहा वर्षं हा माणूस रोज त्या चांदीखाली काम करून राहिला अन् घरी येऊन बोल्टाले डांबर फासून राहिला!

"तुम्ही रोज पाहता ते!"

"काम करू का छत पाहू?"

"कंपनीचं वेगळं, घरचं वेगळं," मामाजी अंगणातून म्हणे.

"वाफ तीच आहे, मामाजी."

यावेळी कोणी हसलं नाही. अंगणात ते काळं गवत पडलं होतं अन् त्यातून अजून पाणी वाहून राहिलं होतं.

तीन दिवस मी देवासमोरच राहिली. सासूबाई माझ्याभोवती गोमूत्र शिंपडायच्या अन् त्याच हातानं गरम पेज पण आणून द्यायच्या. चौथ्या दिवशी नवरा शीटचा गुंडाळा घेऊन आला, सोबत टिनाचं काम करणारा मिस्त्री. मिस्त्रीनं खोलीत डोकं घातलं, नुसता वास घेतला अन् म्हणे, "हे गळत नाही भाऊ, घाम येते टिनाले. भाताचं झाकण पाहा."

देवाशपथ, झाकणच म्हणाला तो. अन् मामाजीनं मान हलवली, नवऱ्यानं मान हलवली, सासूबाई म्हणे, "हाव बाप्पा, बरोबर आहे." तेच झाकण, तीच वाफ, तेच शब्द. फक्त तोंड मिस्त्रीचं. माझ्या तोंडाले तवा काय झालं होतं?

काम मी दारातून पाहिलं, सगळं ध्यानात आहे. टिनापासून चार बोटं जागा सोडून लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांवर शीट ताणली, एक दुसरीवर चढवून, जोडाजोडावर चांदीचीच चिकटपट्टी, भिंतीपर्यंत सगळं बंद. म्हणे एक फट राहिली का वाफ मागं शिरते अन् पुन्हा टिनाले लागते, मग शीट असून नसल्यासारखी. अन् जाता जाता म्हणे, "झरोके खोलून ठेवा. शीटनं छताचे थेंब थांबन, पण वाफ मरत नाही. वाफेले बाहेर जायले दरवाजा लागते." सासूबाईनं त्यालेही हाव म्हटलं.

तो गल्लीच्या तोंडाले पोचला नसन, पोतं अन् पासोडी झरोक्यात परत!

छताची भीती गेली म्हणून मी पोरीले घेऊन परत त्याच खोलीत आली होती. वर चांदी कोरडी, पण वाफ आता भिंतीले लागायले लागली. कोन्ट्यात काळे डाग. घुरघुर तशीच. मी स्टुलावर चढून दोन्ही झरोके खोलायची, अन् पोरीले तेल लावून होत नाही तं परत बंद. पोतं मी एक दिवस पाणी तापवायच्या चुलीत घातलं, त्याचं काही नाही. पण पासोडी! घडी करून पेटीत ठेवली का सासूबाई काढून कोंबे. पुन्हा ठेवली, पुन्हा कोंबली.

"आई, हात जोडते, नका कोंबू."

"याच खोलीत तीन लेकरं वाढवली मी, असंच बंद करून."

"कवेलूखाली वाढवली, आई."

"तोंड लय चालते वं तुहं. लेकराले वारं लागलं तं मग माह्याकडे येऊ नको."

मी नवऱ्याले सांगितलं. तो म्हणे तुमचं बायकांचं तुम्ही पाहा. मामाजीले सांगायची हिंमत झाली नाही. पासोडीची गोष्ट त्यांच्याजवळ कशी काढू?

मग ती दुपार. पोरगी दूध पिऊन राहिली होती अन् मधातच थांबली. तोंड सुटलं. ओठाच्या कडेनं दूध वाहून राहिलं, अन् ती तोंड उघडून हवा ओढून राहिली, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी. पाठ चोळली, उभी धरली, आला श्वास. मी वर पाहिलं. झरोक्यात लाल काठ.

मी पोरीले झोळीत टाकलं, स्टूल ओढला, पासोडी काढली अन् कैची घेतली.

मले माहीत होतं मी काय करून राहिली ते. कोणी म्हणू नये का रागाच्या भरात झालं. जाड कापड, कैची चालत नव्हती, अंगठ्याले फोड आला. मामाजीच्या हाताचं ते शेवटचं. मी त्याचे आठ तुकडे केले, बरोबर दुपट्याएवढे, का एकाही तुकड्यानं झरोका बंद होऊ नये. मग धुतले. अन् आत नाही, अंगणात, भर उन्हात, नजर लागो का काही लागो, दोरीवर टाकले.

सासूबाईनं पाहिलं अन् तोंडाले पदर लावला. मामाजी बाहेरून आले. दोरीपाशी उभे राहिले. मले वाटलं आता ओरडन, मी दाराची कडी धरून उभी. ते ओरडले नाही. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, सुटलेला एक धागा ओढला, चिमटीत वळला, अन् सदऱ्याच्या खिशात टाकून आत गेले.

आठ दिवसात घुरघुर गेली. भिंती सुकल्या. सव्वा महिना संपल्यावर बारशाले पाहुणे आले तं सासूबाई सगळ्यांले छत दाखवून राहिल्या होत्या, आमच्या पोराचं डोकं पाहा म्हणे. मी आत बसून ऐकलं. वर झरोक्यातून ऊन येऊन माझ्या पायावर पडलं होतं.

पोरगी अजून त्याच तुकड्यावर झोपते, दुसरं कापड दिलं का फेकते. पण मामाजी मले आता "काय म्हणते नववी" म्हणत नाही. टोमणाही मारत नाही, काहीच म्हणत नाही, चहा ठेवला का उचलते. मले त्याचा पण राग येते. पेटीत ठेवून तं मी पाहिलं होतं. हात जोडून पाहिलं होतं. भाताचं झाकण दाखवून पाहिलं होतं. तुमच्या मांडीवर तुमचं लेकरू तोंड उघडून श्वास शोधून राहिलं असतं, वर झरोक्यात एका म्हाताऱ्याचा जन्म कोंबलेला असता, अन् हाताशी कैची असती, तं तुम्ही काय केलं असतं?